नाल मारली आणि घोडा लंगडला? आधी खिळा शोधा

"नवी नाल शे भाऊ, दोन दिनमा बशी जाई." आमच्या खानदेशातल्या शहादा-दोंडाईचा पट्ट्यात नाल मारल्यावर घोडा लंगडायला लागला की हे वाक्य ठरलेलं. नालबंद म्हणतो, घोड्याची निगा राखणारा मोतद्दार म्हणतो, ज्याने जन्मात घोडा पाळला नाही तो टपरीवरचा माणूसही म्हणतो. सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या घोडेबाजारात तर काही विकणारे हे पाठ करूनच येतात.

नाल अशी 'बसत' नसते. नवी चप्पल चावते तशी नाल चावत नाही. खिळा जातो तो खुराच्या बाहेरच्या कवचात, आणि त्या कवचाला रक्त नाही, दुखणं नाही. तिथे नीट मारलेली नाल पहिल्या पावलापासून दुखत नाही. नाल मारायच्या आधी सरळ चालणारा घोडा मारल्यावर लंगडत असेल तर काहीतरी चुकलंय. वाट पाहण्यात जे दोन दिवस जातात त्यातच साधं दुखणं पुवाचं होतं.

माझ्याकडे वरातीची जनावरं आहेत. वडिलांचा अमळनेर स्टेशनला टांगा होता, त्यामुळे नालबंदाच्या शेजारी बसून पाय धरणं हे माझं शाळेच्या आधीचं शिक्षण. मी डॉक्टर नाही. मालकाने स्वतः काय पाहायचं, काय करायचं आणि कुठे हात थांबवायचा, एवढंच इथे सांगतोय.

किती वेळाने लंगडला?

हा पहिला प्रश्न. याच्या उत्तरात निम्मं निदान असतं.

खिळा ठोकतानाच घोड्याने पाय झटक्यात ओढला आणि तिथून निघतानाच लंगडला, तर खिळा सरळ जिव्हाळीत गेलाय. जिव्हाळी म्हणजे कवचाच्या आतला जिवंत, रक्ताचा थर. असा खिळा लगेच उपसला तर त्याच्यावर रक्त दिसतं, कधी भोकातूनही येतं. यात एक बरं असतं की चूक तिथल्या तिथे कळते. खिळा काढायचा, भोकात बीटाडीन सोडायचं, ते भोक रिकामं ठेवायचं, पुढचे काही दिवस घोड्यावर नजर ठेवायची आणि धनुर्वाताची सुई. वेळीच झालं तर बहुतेक घोडे यातून सहज निघतात.

दुसरा प्रकार फसवा. खिळा जिव्हाळीत घुसलेला नसतो, पण तिला खेटून गेलेला असतो. त्या दिवशी घोडा झकास चालतो. दाब वाढत जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो पाय वाचवायला लागतो. नालबंद तोवर पुढच्या गावाला गेलेला. फोन केला की म्हणतो, "मनाकडथून नीट गयथा," म्हणजे माझ्याकडून नीट गेला होता. तो खोटं बोलत नसतो, पण म्हणून त्याचा खिळा निर्दोष ठरत नाही.

तिसरा प्रकार आठवड्याभराने कळतो. सगळं ठीक चाललेलं असतं आणि एका सकाळी घोडा पाय टेकवतच नाही. खिळ्याच्या वाटेने घाण आत गेलेली असते, तिचा पू झालेला असतो, आणि खुराचं कवच टणक असल्यामुळे त्याला पसरायला जागा नसते. दुखणं इतकं असतं की लोक पाय मोडला समजून रडायला लागतात. खरंच मोडलेला असूही शकतो, म्हणून डॉक्टर लागतोच. पण नाल ताजी असेल तर आधी संशय खुरावर घ्या.

नाल मारून दीड-दोन महिने झालेत आणि आता लंगडतोय? मग खिळा सहसा दोषी नसतो. ते प्रकरण पुढे येईल.

पाय कोणता, ते आधी ठरवा

हसू नका. भलत्याच पायाची नाल उचकटलेली मी पाहिली आहे.

घोडा शेतात, भुसभुशीत काळ्या मातीत पाहू नका. तिथे अर्धं लंगडणं लपतं. डांबरी किंवा सिमेंटचा सपाट तुकडा घ्या, दोर सैल सोडा, डोकं मोकळं राहू द्या आणि एकाला सरळ रेषेत दुडकी पळवायला सांगा, आधी तुमच्यापासून लांब, मग तुमच्याकडे. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली टाकतो. नवखे उलटं धरतात. डोकं खाली गेलं की तोच दुखरा पाय समजतात. मागच्या पायासाठी मागे उभे राहा आणि दोन्ही पुठ्ठ्यांकडे पाहा. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होताना दिसतो.

आता आपल्याकडची खास अडचण. इथे घोडे मारवाडी आणि काठेवाडी, आणि रेवाल चालीचं सगळ्यांना वेड. रेवालीत घोड्याची पाठ हलत नाही, म्हणून तर ती चाल आवडते. पण त्याच कारणाने डोक्याची ती वर-खाली खूणही नीट दिसत नाही. रेवाल घोडा दुडकीत आणता आला तर आणा. नाही आला तर डोळे मिटून टापा ऐका. चार टापांत एक हलकी, दबकी वाजते. जो पाय घोडा जपून टेकवतो तो.

वरातीच्या नाचऱ्या घोड्यांचं आणखी वेगळं. ढोल सुरू झाला की त्यांच्या अंगात येतं, दुखरा पायही आपटतात. 'काल डीजेपुढे तर मस्त नाचला' याला पुरावा म्हणू नका. सकाळी दावणीतून सोडल्यावरची पहिली पावलं पाहा. पाहायला उशीर झाला आणि तो थोडा चालून मोकळा झाला तर चुकीचा निष्कर्ष निघतो.

दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर डोकं हलणारच नाही. घोडा नुसती आखूड, जपून पावलं टाकतो आणि लोक म्हणतात, थकलाय. नाल मारल्यानंतर असं झालं तर दोन्ही तळवे जास्त तासले गेलेत का, हे तपासायचं.

हात आणि हातोडी

पाय ठरला की खुराला हात लावा. तळहातापेक्षा हाताची मागची बाजू लावली तर ऊब चांगली कळते. दुखऱ्या खुराची तुलना त्याच्या जोडीदार खुराशी करा, आणि ती सकाळी, सावलीत. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळच्या उन्हात चारही खुरं तव्यासारखी तापतात, दुपारी हात लावून काही उपयोग नाही.

मग नाडी. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना बोटं हलकी टेकवा. निरोगी पायात ती शोधावी लागते, इतकी मंद असते. आत पू किंवा सूज असेल तर बोटाला ठोके मारते. मी घरच्या पोरांना निरोगी घोड्याची नाडी आधी सापडवायला लावतो. चांगली कशी लागते हे ठाऊक नसेल तर वाईट ओळखणार कशी? ज्याला घोडा पाळायचा आहे त्याने आजच, घोडा बरा असतानाच, ही नाडी शोधून ठेवावी.

आता हातोडी. लहान, हलकी. पाय उचलून धरा आणि दुखऱ्या खुराच्या प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर एकेक टिचकी मारा. सुरुवात ज्याच्यावर संशय नाही त्या खिळ्यापासून करा. नजर खुराकडे नको, घोड्याकडे हवी, म्हणून एकाने टिचकी मारायची आणि दुसऱ्याने पाहायचं. डॉक्टरांकडे किंवा चांगल्या नालबंदाकडे खूर दाबून पाहायची मोठी चिमट्यासारखी पकड असते, तिने जास्त नेमकं कळतं. पण हातोडीनेही बरंच समजतं.

मागच्या लग्नसराईत आमच्या एका पाहुण्याची कुमेत घोडी अशीच पाहिली. पुढचा डावा पाय, नाल मारून आठवडा होत आलेला. पाय पुढे काढून, खुराचं टोक जेमतेम टेकवून उभी. बाहेरच्या बाजूच्या चारही खिळ्यांना टिचकी मारली, ती कडबा चघळत राहिली. आतल्या बाजूचा पहिला खिळा, तेच. दुसऱ्याला टिचकी बसली आणि तिने पाय ओढला नाही, पण चघळणं थांबलं, एक कान मागे गेला आणि खांद्याची कातडी थरथरली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. लोक मोठ्या झटक्याची वाट पाहत बसतात. समजूतदार जनावर एवढंच सांगतं. त्या घोडीच्या मालकाला नालबंद फोनवर सांगत होता, "नाल काढू नको, पैसा वाया जाई."

नाल काढणं

नालबंद जवळचा असेल तर त्यालाच बोलवा. डॉक्टर आणि नालबंद एकाच वेळी आले तर सोन्याहून पिवळं. कोणीच मिळत नसेल आणि तुम्ही पूर्वी नाल काढलेली असेल तरच स्वतः हात घाला.

नाल एका हिसक्यात उपटायची नाही. एकेक खिळा वेगळा काढायचा, कारण कोणता खिळा कसा निघतो हीच तर माहिती हवी आहे. आधी बाहेर मुरडलेली टोकं कानशीने घासून टाका किंवा सरळ करा, नाहीतर ती परत येताना कवच फाडतात. मग पकडीने नाल टाचेच्या बाजूने जराशी उचला आणि हातोडीने परत खाली बसवा. खिळ्यांची डोकी वर राहतात. आता एकेक डोकं पकडून सरळ ओढा. संशयित खिळा शेवटी, कारण तो ओढताना घोडा उडी मारू शकतो. त्याला धरणारा माणूस डोक्याशी उभा असू द्या, पायाशी वाकलेला नको.

निघालेले खिळे ओळीने फरशीवर ठेवा, ज्या क्रमाने भोकं होती त्याच क्रमाने. त्या घोडीचे बाकीचे खिळे कोरडे, स्वच्छ, पोलादी चमकीचे निघाले. आतला दुसरा मात्र खालून अर्ध्यापर्यंत काळपट, ओला, आणि नाकाजवळ नेला तर कुजका वास. त्याच्यामागोमाग भोकातून पातळ, काळपट-करडा द्रव ओघळला. खुरातला पू बहुतेक वेळा असाच असतो. गळवातल्या पांढऱ्या-पिवळ्या घट्ट पुवाची वाट पाहू नका, आणि काळं पाणी दिसलं तर 'ही तर नुसती घाण' म्हणून सोडून देऊ नका. खिळा निघाल्यावर घोडी लगेच टापेवर उभी राहिली असं नाही, पण संध्याकाळपर्यंत ती पाय टेकवत होती.

तो खिळा फेकू नका. डॉक्टरांना दाखवा आणि नालबंदालाही दाखवा.

इथे मालकाचा हात थांबतो. भोक मोठं करायला सुरी घेऊन तळवा कोरत बसू नका. पुवाला वाट करून देणं हे डॉक्टरांचं काम, आणि चांगले डॉक्टर अगदी लहान वाट करतात. गावठी उत्साहात तळव्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडलेला घोडा मी पाहिलाय. पू दोन दिवसांत गेला, आतला मऊ भाग बाहेर फुगून आला आणि घोडा पूर्ण हंगाम बसून राहिला.

शेक आणि पट्टी

पुवाला बाहेर यायला मदत करायची, एवढाच शेकाचा उद्देश. लागतं ते मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट. औषधाच्या दुकानात मिळतं. आपल्या भागात तर कपाशीवर लाल्या आला की फवारायला लोक तेच आणतात, म्हणजे ऐन वेळी शेजारच्या शेतकऱ्याकडेही सापडेल. खुरापुरतं चालतं ते, पण घोड्याच्या तोंडाला लागू देऊ नका.

बांधकामावरचं रबरी घमेलं घ्या. लोखंडी घमेलं वाजतं आणि घोडा बिथरतो. कोपर बुडवून सहन होईल इतकं कोमट पाणी, त्यात विरघळेल तेवढं सॉल्ट, चांगलं दोन-तीन मुठी. खूर आधी ब्रशने स्वच्छ धुवा, मग पंधरा-वीस मिनिटं पाण्यात. जे जनावर पाय पाण्यात ठेवत नाही त्याच्याशी कुस्ती खेळू नका. गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात भिजवून त्यात सॉल्ट घाला आणि तो लगदा तळव्याला बांधा, काम तेच होतं.

पट्टीला घरचंच सामान पुरतं. तळव्यावर कापूस किंवा लगदा, त्यावर लहान मुलाचं मोठ्या मापाचं डायपर, वरून रुंद चिकटपट्टीचे वेढे. बाहेरून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला तर दिवसभर टिकतं. एकच काळजी घ्या: चिकटपट्टी खुरावरच राहिली पाहिजे. वर केसांपर्यंत, त्या मऊ कडेवर आवळून बांधली तर रक्त अडतं आणि नवंच दुखणं लागतं. पट्टी रोज बदला. ओला शेक दोन-तीन दिवस पुरे. त्यापुढे रोज भिजवत राहिलात तर खूर मऊ पडतं आणि पुढची नाल धरत नाही. पाणी येणं थांबलं की बीटाडीनचा बोळा आणि कोरडी पट्टी.

या काळात घोड्याला कोरड्या, मऊ जागेवर ठेवा. फिरवायचा नाही, 'मोकळा होईल' म्हणून तर अजिबात नाही. आणि चंदी, म्हणजे दाणा, कमी करा. हे कुणीच करत नाही. काम बंद आणि हरभऱ्याचा रतीब चालू, यातून दुसरंच दुखणं ओढवतं, कधी तर स्नायू आखडून घोडा हलतच नाही, कधी चांगल्या पायांची खुरं आतून सुजतात. दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा, कोरडा चारा आणि भरपूर पाणी, तो चालायला लागेपर्यंत एवढंच.

आता जे करू नये ते. जळकं ऑइल, रॉकेल, बॅटरीचं पाणी, बिब्बा यातलं काहीही भोकात ओतू नका. डागणी नको. पायाच्या वर डाग दिल्याने खुरातला पू कुठे जाणार? पहिल्याच दिवशी भोक मेणाने किंवा डांबराने बुजवू नका, आतला पू आतच राहतो आणि मग तो वाट काढत वर केसांच्या कडेला फुटतो. तिथे फुटला तर घोडा बरा होतो, पण कवचाला पडलेली ती खाच खाली उतरून निघून जायला कित्येक महिने लागतात, कारण खूर महिन्याला सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही कमीच वाढतं.

दुखणं मारायची सुईही स्वतःच्या मनाने नको. तिने लंगडणं झाकलं जातं, डॉक्टरांना काही सापडत नाही आणि घोडा दुखऱ्या पायावर भार टाकून आणखी नुकसान करतो. कुणी गुरांसाठी ठेवलेलं जुनं डायक्लोफिनॅक देऊ केलं तर ते मुळीच नाही. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी त्यावर 2006 मध्येच बंदी आली आहे.

धनुर्वात

यावर जरा थांबतो, कारण खिळ्याने घोडा मरत नाही, धनुर्वाताने मरतो.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणा-लिदीत असतात, आणि पाळीव जनावरांत घोड्याइतकं धनुर्वाताला लवकर बळी पडणारं दुसरं जनावर नाही. गाय-बैल पाळणाऱ्यांना हे पटत नाही, कारण त्यांच्या बैलाला खिळा लागतो आणि काही होत नाही. खिळ्याचं अरुंद, खोल, बंद भोक ही या जंतूला हवी तशीच जागा. घोड्याला दरवर्षी टीटीची सुई असावी, तारीख लिहून ठेवलेली असावी. खिळा लागला की डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: शेवटची सुई कधी दिली. कधीच दिली नसेल तर तेही सांगा, मग ते वेगळी, लगेच काम करणारी सुई द्यायची की नाही ते ठरवतील. जखम बरी दिसल्यावरही पुढचे दोन-तीन आठवडे घोड्याकडे लक्ष ठेवा. चाल लाकडासारखी ताठ, कान ताठ, शेपूट उचललेली, जबडा उघडेना, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा डोळ्यावर सरकतोय, असं काही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.

डॉक्टरांना लगेच कधी

घोडा पाय टेकवतच नाही. सूज खुराच्या वर चढतेय. अंगात ताप आहे (घोड्याचं साधारण तापमान 37.5 ते 38.5 सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 101.5 च्या आत, थर्मामीटर पाच मिनिटांत हेच सांगतो, मग अंदाज कशाला). नाल काढून, शेकून एक-दोन दिवसांत फरक नाही. घोडा दोन्ही पुढचे पाय पुढे काढून मागच्या पायांवर रेलून उभा आहे. आणि खिळा नालेचा नसून रस्त्यातला, तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी गादीत, म्हणजे पुतळीत, घुसलाय. पुतळीच्या खाली सांधा जवळ असतो. तिथला खिळा दिसायला क्षुल्लक आणि परिणामात सगळ्यांत वाईट.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करा, घोड्याला लंगडत नेऊ नका. 1962 हा पशुसंवर्धनाचा फोन क्रमांक आहे, फिरतं पथक असेल तिथे डॉक्टर गोठ्यावर येतात. आपल्याकडचे डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी पाहतात, घोडा कमी येतो. म्हणून तुम्ही आधीच नाल कधी मारली, कोणता पाय, कोणता खिळा आणि टीटी कधी हे नीट सांगितलंत तर त्यांचंही काम सोपं होतं.

खिळा निर्दोष असेल तर

सगळे खिळे ठोकून पाहिले, घोडा कुठेच हलला नाही. मग नालबंदाच्या सुरीकडे वळा.

तळवा जास्त तासला असेल तर घोडा मातीत बरा आणि खडीवर रडकुंडीला येतो. अंगठ्याने तळवा दाबा. तो दबत असेल तर जास्तच तासलाय. याला औषध नाही, वेळ आहे. मऊ जागा, आराम, आणि गरज पडल्यास नालेखाली चामड्याची गादी. नाल तळव्यावर टेकलेली असेल तरी हेच होतं. नाल कवचाच्या कडेवर बसायला हवी, तळवा आणि नाल यांत पातळ पातं सरकलं पाहिजे.

खुराचा पुढचा भाग लांब ठेवून टाचा खाली घातल्या असतील तर घोडा अडखळतो आणि मागच्या शिरांवर ताण येतो. नाल लहान असेल तर टाचा नालेच्या बाहेर राहतात किंवा नालेचं टोक त्यांच्या आत दाबतं. हे लंगडणं हळूहळू, काही आठवड्यांनी येतं. एकच नाल तीन-चार महिने ठेवणाऱ्यांच्या घोड्यांचंही हेच होतं. खूर वाढतं, नाल पुढे सरकते आणि तिची टोकं टाचेच्या आत रुततात. सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा मारायची, नाल झिजलेली असो वा नसो.

बाजारातल्या तयार नालेमुळे एक वाईट सवय लागली आहे. नाल लहान निघाली की ती बदलायची सोडून खूर पुढून कानशीने घासून नालेएवढं करायचं. दिसायला सुबक, पण कवच पातळ होतं आणि पुढच्या वेळी खिळ्याला जिव्हाळीपासून लांब राहायला जागाच उरत नाही. आज खूर घासलं, दोन महिन्यांनी खिळा लागला, आणि दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही.

आपल्याकडचे बरेच नालबंद मुळात बैलांना पत्री मारणारे. माणसं कष्टाळू, हात सफाईदार. पण बैलाला पाडून, चारही पाय बांधून काम होतं, त्यामुळे त्याने अंग चोरलं तरी कळत नाही. घोडा उभा असतो आणि प्रत्येक ठोक्याला काहीतरी सांगत असतो. ते ऐकायची सवय असलेला नालबंद शोधा. ज्याने ठोकता ठोकता स्वतःहून म्हटलं, "हा जवळ गेला, काढतो," त्याला सोडू नका, दोन पैसे जास्त द्या. माझ्या मते खिळा जवळ जाणं हा गुन्हा नाही, ज्या घोड्याचं कवच पातळ त्याला चांगल्या हातातूनही जातो. तो लपवणं हा गुन्हा.

पुन्हा नाल मारताना

घोडा दुखण्याच्या सुईशिवाय, कडक रस्त्यावर सरळ दुडकी चालला आणि भोक कोरडं झालं, की मगच. जुन्या भोकात खिळा नाही, त्या जागी एक खिळा कमी मारला तरी नाल धरते. बारीक खिळे मागा.

मारताना शेजारी बसा. खिळ्याच्या डोक्याला एका बाजूला खूण असते, ती आतल्या बाजूला, पुतळीकडे तोंड करून हवी, म्हणजे टोक बाहेर वळतं. उलटा लागला तर सरळ आत जातो. खुराच्या खालून कवच आणि तळवा यांच्यामध्ये जी पांढरी रेघ दिसते, तिच्या बाहेरून खिळा शिरला पाहिजे. कडक कवचातून जाताना ठोक्याचा आवाज खणखणीत असतो. तो मध्येच बोदा झाला तर थांबा म्हणा. टोकं कवचाच्या साधारण खालच्या तिसऱ्या भागात, एका ओळीत बाहेर यायला हवीत. एखादं फारच वर निघालं तर तो खिळा आतून फिरून आलाय. आणि खुराच्या सगळ्यांत रुंद जागेच्या मागे, टाचेकडे खिळे नकोत, चालताना टाच पसरते, ती बांधून टाकू नका.

रात्री बल्बखाली, घाईत, उद्या वरात आहे म्हणून आज, असं नाल मारणं बंद करा. वरातीच्या किंवा सारंगखेड्याला निघायच्या चार-पाच दिवस आधी मारा. खेटून गेलेला खिळा असेल तर तो बोलायला त्याला तेवढा वेळ मिळतो, आणि तुम्हाला तो काढायला. बाजारात घोडा घेतानाही कुणी 'कालच नाल मारली' म्हणत लंगडं झाकू लागला, तर समोर नाल काढून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर पुढच्या दावणीकडे चला.

आणि नालबंदाचे पैसे द्यायच्या आधी, तो सामान गुंडाळतोय तेवढ्यात, घोडा रस्त्यावर नेऊन त्याच्याच समोर दुडकी पळवा, जाताना आणि येताना.